घेणाऱ्याची सही

माणूस सही करायला शिकतो तेव्हा पुढे ती कशासाठी लागणार आहे याची त्याला काही कल्पना नसते. कॉलेजात असताना वहीच्या शेवटच्या पानांवर मी सहीचा भरपूर सराव केला. पहिलं अक्षर हत्तीएवढं, मग नागमोडी रेघ, शेवटी खालून तलवारीसारखा एक फटकारा आणि त्या फटकाऱ्याखाली दोन ठिपके. हे ठिपके कशाचे, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण थोर माणसांच्या सहीखाली काहीतरी अगम्य असतं, एवढं निरीक्षण होतं. पुढेमागे कुणी स्वाक्षरी मागायला आलं तर ऐनवेळी फजिती नको, हा त्यामागचा दूरदर्शी विचार.

आणि स्वाक्षरी मागायला कुणी येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. आठवड्यातून तीनदा येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास बेल दाबतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि म्हणतो, "काका, सही."

तो आमचा पोस्टमन असतो. आणि ज्या पाकिटासाठी तो सही मागतो ते पाकीट माझं नसतं.

हे कळायला आधी दिवा कळायला हवं. आम्ही दिवा पूर्वेला राहतो. सकाळी सात वाजेपर्यंत आमची बिल्डिंग रिकामी होते. माणसं स्टेशनकडे निघतात. ज्यांना मुंबईला जायचं असतं त्यांतले काही आधी उलट डोंबिवलीला जातात, कारण दिव्याला गाडीत शिरता येत नाही. म्हणजे पुढे जाण्यासाठी मागे जावं लागतं, हे तत्त्वज्ञान आमच्याकडे पासधारकांनाही अवगत आहे. संध्याकाळी ही माणसं आठ-साडेआठपर्यंत परत येतात, त्यातही फाटक लागलं असेल तर नऊ. मधल्या वेळात बिल्डिंगमध्ये उरतात ते दोन म्हाताऱ्या, एक मांजर आणि मी.

आमची सौ.ही असते. पण ती सही करत नाही. पहिल्या दिवशीच तिनं पोस्टमनला सांगितलं, "त्यावर माझं नाव नाही." मी ते बायकी भित्रेपणात जमा केलं. आम्ही पडलो जुने सरकारी माणूस. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेली. कागद समोर आला की सही, हा आमचा देहधर्म. आमच्या खात्यात एक सुंदर व्यवस्था होती. कागदावर 'आवक' असा शिक्का पडला की तो पोचला. साहेबांनी तो वाचला का, त्यावर काही केलं का, की तो कपाटाखाली पडून उंदरांनी निकालात काढला, हे प्रश्न दुसऱ्या विभागाचे.

पोस्टमनचं काम सोपं आहे अशी कुणाची समजूत असेल तर त्यानं एक दिवस दिव्यात पत्ते शोधून पाहावेत. 15 ऑगस्ट 1972 रोजी आपल्या देशात पिनकोड आला. तो ज्यांच्या डोक्यातून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि शिवाय संस्कृत कवी. सहा अंकांत अख्खा देश बसवणं हे कवीलाच सुचू जाणे. पहिल्या अंकात विभाग, पुढच्यांत उपविभाग आणि जिल्हा, शेवटच्या तीन अंकांत नेमकं पोस्ट ऑफिस. पण पोस्ट ऑफिसपर्यंत पाकीट आलं की वेलणकरांचं काम संपतं आणि आमच्या पोस्टमनचं सुरू होतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'गणपती मंदिराजवळ'. दिव्यात गणपती मंदिराजवळ नाही असं घर शोधून दाखवा. 'साबे गावाच्या रस्त्याला, टॉवरच्या मागे.' टॉवर मोबाईलचा की इमारतीचा? आणि मागे म्हणजे कुठून येणाऱ्याच्या मागे? अशा पत्त्यांवर हा माणूस उन्हातान्हातून बरोबर पोचतो, चार मजले चढतो, आणि वर काय असतं? कुलूप.

तो खाली येतो. तळमजल्यावर माझं दार उघडं असतं.

तर अशा रीतीनं मी आमच्या बिल्डिंगचा सर्वमान्य स्वाक्षरीकार झालो. बँकांची चेकबुकं, कुणाची पॉलिसी, कुणाचं पॅनकार्ड, विद्यापीठातून आलेलं कुणाच्या मुलीचं प्रमाणपत्र, सगळं माझ्या सहीनं या इमारतीत प्रवेश करी. पोस्टमन कार्डावर पेनानं सही घेई आणि शिवाय फोनच्या काचेवर बोटानंही. बोटानं केलेली सही कशी दिसते हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. माझा हत्ती त्या काचेवर गोगलगायीसारखा दिसे आणि तलवार काचेच्या बाहेर जाई. "चालतं काका," तो म्हणे. चालतं, म्हणजे ही सही माझी आहे की नाही याच्याशी कुणालाच काही देणंघेणं नव्हतं. काहीतरी उमटलं होतं, एवढं पुरे.

मला नुसता लेखकू म्हणून निवृत्त झाल्याची खंत होती, ती भरून निघाली. माझ्याशिवाय बिल्डिंगचं अडतं ही भावना मोठी गोड. पासपोर्ट मात्र तो मला देत नसे. "तो ज्याचा त्यालाच द्यायला लागतो," असं सांगून परत नेई. मला वाईट वाटे. एवढा विश्वासू माणूस समोर उभा असताना सरकारनं असं करावं?

आता घडलेलं सांगतो. 2025 सालचा ऑगस्ट. 23 तारीख, शनिवार. गणपती बुधवारी. आमच्या घरात गावी जाण्याची बांधाबांध चाललेली. दिव्याहून सावंतवाडीची गाडी सकाळी लवकर सुटते, त्यामुळे आदला दिवस सगळा आरडाओरड्यात जातो. अशात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं रजिस्टर ए.डी. होतं. मी सही केली, 'शेजारी' असं लिहिलं, ठिपके दिले, आणि पाकीट भिंतीवरच्या कालनिर्णयामागे खोचलं. संध्याकाळी देऊ म्हणून.

संध्याकाळी मी नारळ मोजत होतो.

गौरी-विसर्जन करून आम्ही 3 सप्टेंबरला रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालनिर्णयाचं पान उलटायला गेलो. ऑगस्ट वर गेला आणि पाकीट पायावर पडलं.

पाकीट वकिलाकडून होतं. कोपऱ्यात तसा शिक्का होता. एकतीस वर्षं पाकिटं हाताळलेल्या माणसाला आतला मजकूर वाचायला पाकीट फोडावं लागत नाही. मी दिवसभरात चार वेळा दुसऱ्या मजल्यावर जाऊन कुलूप पाहून आलो. कुलूप असणार हे मला माहीत होतं. तरी गेलो. अपराधी माणूस असाच जिने चढतो.

रात्री पावणेदहाला ते आले. भांडुपला एका कारखान्यात नोकरी, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी दारातच उभ्यानं पाकीट फोडलं, वाचलं, आणि विचारलं, "काका, हे कधी आलं?"

वाचकहो, या प्रश्नाला दोन उत्तरं होती. त्यातलं एक, 'आजच', माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलेलं होतं. आवक-जावकमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला मागची तारीख टाकणं आणि पुढची तारीख टाकणं, दोन्ही कला अवगत असतात. आणि खोटं बोलण्याचं कारणही किती भलं! त्या दमलेल्या माणसाला उगाच त्रास नको. खोटं बोलताना आपण नेहमी समोरच्याच्या सोयीचा विचार करतो, हे मी स्वतःच्या बाबतीत अनेकदा पाहिलेलं आहे.

पण पोस्टाच्या कार्डावर तारीख होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सत्याची आठवण झाली नाही, कार्डाची झाली.

"तेवीस तारखेला," मी म्हणालो. "तुमच्यासाठी म्हणून घेतलं आणि... विसरलो."

ते काही बोलले नाहीत. बोटांवर काहीतरी मोजलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "म्हणजे रविवारपर्यंत," ते म्हणाले.

मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी ओळखीच्या एकाकडून चाळीस हजार घेतले होते आणि पुढच्या तारखेचा चेक दिला होता. पगार लांबला, चेक परत आला. चेक न वटल्याबद्दलचं 138 वं कलम बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण त्यातला बारकावा मला त्या रात्री पायरीवर बसून कळला. असा चेक परत आला की घेणारा लेखी नोटीस पाठवतो, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर प्रकरण तिथंच मिटतं. नाही दिले तर फौजदारी. मिळाल्यापासून! म्हणजे त्यांचे पंधरा दिवस ज्या घड्याळावर चालायचे त्याची किल्ली मी फिरवली होती, तेवीस तारखेला, हत्तीसारख्या अक्षरानं, दोन ठिपके देऊन. आणि मग घड्याळ कालनिर्णयामागे लपवून मोदक खायला गावी गेलो होतो. आता उरले होते तीन दिवस. त्यातली एक अनंत चतुर्दशी आणि एक रविवार.

माझा एक भाचा ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याला रात्रीच फोन लावला. तो म्हणाला, "मामा, घाबरू नका. कायदा असा आहे की बरोबर पत्त्यावर, पूर्ण टपालखर्च भरून, रजिस्टर केलेलं पत्र पोचलंच असं धरतात. 1897 सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टापासूनची रीत आहे ती. पण धरतात, म्हणजे उलट सिद्ध करता येतं. पावतीवर सही त्यांची नाही, तुमची आहे. तुम्ही कोर्टात येऊन सांगा की पत्र मी घेतलं आणि दिलंच नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली सांगून ठेवलंय की नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्यानं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत, म्हणजे झालं."

मला हायसं वाटलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहण्याची मी मनाशी तयारीसुद्धा केली. प्रायश्चित्ताला एक प्रतिष्ठा असते.

शेजारी म्हणाले, "नको काका. तुम्हाला या वयात कुठं कोर्टात ओढू? आणि पैसे तर मला द्यायचेच आहेत. पत्र पोचलं नाही हे खरं असेल, पण पैसे घेतले हेही खरंच ना?"

हे ऐकून मी गप्प झालो. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत होते. दुपारी टीव्ही लावून बसायचे, पण जिन्यात पोस्टमनच्या चपला वाजल्या की टीव्ही बंद. मग पोस्टमन बेल वाजवून दमला, खाली गेला, की टीव्ही पुन्हा सुरू. त्यांचा सिद्धान्त असा की पत्र घेतलं नाही म्हणजे ते आलंच नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडून ते परत गेलं तरी कायद्याच्या दृष्टीनं ते पोचलेलंच धरतात. दाराआड दडून बसलं म्हणून देणं चुकत नाही. आणि इथे हा माणूस, त्याच्या हाती पत्र खरोखरच पोचलं नव्हतं, तसं सिद्धही करता येत होतं, आणि तो म्हणत होता की पोचलं.

चाळीस हजारांतले बावीस त्यांच्याकडे होते. दहा मेव्हण्यानं दिले. आठ मी दिले. ते त्यांनी उसने म्हणून घेतले, मी दंड म्हणून दिले. हिशेब अजून जुळलेला नाही. रविवारी दुपारी फोनवरून पैसे गेले. मिळाल्याचा निरोप आला तो त्यांनी मला लगेच पुढे पाठवला. खाली एकच ओळ होती. 'काका, पोचले.' मी ती ओळ बराच वेळ पाहत होतो. आमच्या खात्यात एकतीस वर्षांत कुणी असं कळवलं नव्हतं.

सोमवारी पोस्टमन आला. "काका, सही."

"आजपासून बंद," मी म्हणालो. "माझ्या नावाचं असेल तरच."

सौ. आतून म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." हे वाक्य तिच्याकडे तयार असतंच. दर वेळी फक्त प्रसंग बदलतो.

पोस्टमन पायरीवर टेकला. पाणी मागितलं. मग म्हणाला, "बरं काका. मग मी काय करू सांगा. वर कुलूप आहे. मी चिठ्ठी टाकतो की पोस्टात येऊन घेऊन जा. सात दिवस पाकीट पोस्टात राहणार. हा माणूस सातच्या आत घर सोडतो, रात्री नऊला येतो. पोस्ट उघडं असतं तेव्हा हा कारखान्यात. एका पाकिटापायी अर्ध्या दिवसाची रजा टाकणार? पगार कापणार त्याचा. नाही आला तर पाकीट परत. त्यात त्याचं एटीएम कार्ड असेल, नाहीतर पोरीचं सर्टिफिकेट. तुम्ही सही केली नाहीत म्हणजे तुमचे हात स्वच्छ. त्याचं काय?"

पाणी पिऊन तो निघून गेला आणि मला कोड्यात टाकून गेला. मला वाटलं होतं, चूक आहे सही करण्यात. तेव्हा सही न करणं हे पुण्य. पण स्वच्छ हात घेऊन दारात उभं राहणं हा चौथ्या मजल्यावरच्या टीव्हीचाच सभ्य प्रकार झाला की! त्यांचं म्हणणं, घेतलं नाही म्हणजे आलं नाही. माझं, घेतलं नाही म्हणजे माझा संबंध नाही. संबंध कसा नाही? या माणसानं घाम गाळून पाकीट देशाच्या दुसऱ्या टोकाकडून माझ्या उंबऱ्यापर्यंत आणलं. राहिले दोन जिने. तेवढे चढायला या इमारतीत दिवसभर दुसरं कोण आहे?

मग माझी चूक नेमकी कोणती? पुष्कळ विचार केला (निवृत्त माणसाला ती सोय असते) आणि एवढंच हाती लागलं, की मी सही ही शेवट समजत होतो. सही झाली, कागद आवक झाला, सुटलो. वास्तविक 'घेणाऱ्याची सही' या शब्दांचा अर्थ साधा आहे. ज्यानं घेतलं त्याच्याकडे ते आहे. म्हणजे सही केल्यावर माणूस सुटत नाही, अडकतो. आपल्या पाकिटावर सही करतो तेव्हा आपल्यापुरता अडकतो. दुसऱ्याच्या पाकिटावर करतो तेव्हा त्याचं घड्याळ आपल्या खिशात टिकटिकत असतं. त्याला ते ऐकूही येत नाही. मी परोपकार करतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात मी कर्ज काढत होतो, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

दरम्यान खुद्द टपाल खात्यानंही विचार केलेला दिसतो. आम्ही गावी असतानाच, 1 सप्टेंबर 2025 पासून, रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. इंग्रजांच्या अमदानीपासूनचं ते दणकट नाव असं गेलं. पुढे ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टावर पाच रुपये आणि वर कर भरून नोंदणी करून घेता येऊ लागली. अशी नोंदणी असली की पाकीट ज्याचं त्यालाच, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिलेल्यालाच. तेवढ्याच पैशांत दुसरीही सोय आहे. पाकीट घेणाऱ्याच्या फोनवर आकडे येतात, ते सांगितले तरच पाकीट सुटतं. तेव्हा हल्ली कधीकधी आमच्या दारात पोस्टमन आणि मी दोघं फोनला कान लावून उभे असतो आणि पलीकडून गाडीच्या गर्दीतून कुणीतरी ओरडत असतं, "चार... अहो पाय काढा... सात..." त्यातला पाय कुणाचा आणि आकडा कुठला हे ठरवताना आमची त्रेधा उडते. पण निदान ज्याचं पत्र त्याला, ते दारात आलं आहे, हे त्याच मिनिटाला कळतं. तेवढं मला माझ्या अक्कलहुशारीनं सुचायला हवं होतं.

मी पुन्हा सही करू लागलो आहे. पण एक वही घातली आहे. आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या. पाकीट आलं की आधी ज्याचं त्याला फोन. "घेऊ का?" असं विचारतो. कोपऱ्यात वकिलाचा किंवा कोर्टाचा शिक्का असेल तर तो वाचून दाखवतो आणि तो हो म्हणाला तरच घेतो. नाही म्हणाला तर तो नकार त्याचा, मी काही 'इथे राहत नाहीत' म्हणून सांगत नाही. आणि रात्री कितीही वाजोत, पाकीट त्याच दिवशी वर पोचवून जावकच्या रकान्यात सही घेतो. बिल्डिंगमध्ये माझी टिंगल होते. "काका, दुधाच्या पिशवीला पण सही लागते काय?" असं पोरं विचारतात. विचारू देत.

सगळ्यांत आधी लेखी अधिकारपत्र कुणी आणून दिलं असेल? दुसऱ्या मजल्यावरच्यांनी. 'माझं टपाल माझ्या वतीनं घेण्याचा अधिकार मी यांना देत आहे.' ते वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, मी असं केल्यावरही?"

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "तुम्ही आता विसरणार नाही."

परवा रात्री त्यांचं चेकबुक द्यायला गेलो. त्यांनी वहीत सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली, आणि आवकच्या रकान्यातली माझी सही निरखत विचारलं, "काका, हे खाली दोन ठिपके कशाचे?"

पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारलं. मी जरा सावरून म्हणालो, "एक घेतल्याचा, एक दिल्याचा."

त्यांना ते पटलेलं दिसलं. घरी येऊन मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "दिल्याचा ठिपका दिल्यावर द्यावा माणसानं."

तेव्हापासून मी दारात पोस्टमनसमोर एकच ठिपका देतो. दुसरा वर जाऊन आल्यावर.